नावात पुणं असलेला रिसाला

भारतीय लष्कराच्या चिलखती, म्हणजे रणगाड्यांच्या, दलाला आजवर दोन परमवीरचक्रं मिळाली, आणि दोन्ही एकाच रेजिमेंटला. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर, १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. एक बेचाळीस वर्षांचा कमांडिंग ऑफिसर, दुसरा एकवीस वर्षांचा, जेमतेम सहा महिन्यांची नोकरी झालेला पोरगा. रेजिमेंटचं नाव पूना हॉर्स. सतरावी हॉर्स.

मी जन्मानं पुणेकर. आमच्याकडे इतिहासाची आवड घरोघरी असते, पानिपतावर कुणाचं काय चुकलं यावर लग्नाच्या पंगतीत वाद होतात. पण आपल्या शहराचं नाव मिरवणाऱ्या या रेजिमेंटबद्दल आपण फारच कमी बोलतो, आणि याची मला मनापासून खंत वाटते. तारापोर आणि खेतरपाल ही नावं लोकांना माहीत असतात, पण सुटी सुटी. दोघं एकाच घरचे होते आणि पहिल्याशिवाय दुसरा नीट समजत नाही, हे क्वचितच कुणी सांगतं. ते सांगावं म्हणून हे लिहायला घेतलंय.

या नावाचा उगम आपल्याला सुखावणारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. १८१७ च्या जून महिन्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळी पुण्याचा तह उतरवला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी करायची आणि तिचा खर्च पेशव्यांच्या मुलखातून काढायचा, असं त्यात ठरलं. त्या फौजेतलं घोडदळ म्हणजे ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’. तेच घोडदळ त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री शिरूरहून निघालं आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगाव भीमाला पेशव्यांच्याच सैन्यासमोर उभं होतं. ज्या राज्याच्या पैशातून उभं राहिलं, ते राज्य बुडवायला हातभार लावून या रिसाल्यानं आपली कारकीर्द सुरू केली. पुढच्या शंभर वर्षांत त्याचे सवार इराण, अफगाणिस्तान, फ्रान्स असे साम्राज्य नेईल तिथे लढले. दख्खनचे घोडेस्वार कमी होत गेले, राजपूत, जाट, कायमखानी सवार वाढत गेले. पुण्याचं फक्त नाव उरलं.

मग या रेजिमेंटशी आपलं नातं ते काय? मला वाटतं, ते तिच्या अधिकाऱ्यांमधून शोधावं लागतं.

फौजेतल्या अधिकाऱ्याच्या नोकरीचा एक आलेख असतो. सेकंड लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, मधे कोर्सेस, स्टाफची टेबलं, कुठेतरी इन्स्ट्रक्टरची नेमणूक, मग नशिबात असेल तर आपल्याच रेजिमेंटची कमान. ती दोन-तीन वर्षांची. त्यानंतर ब्रिगेड, डिव्हिजन, आणि निवृत्तीच्या पार्टीत वाचून दाखवायची लांबलचक यादी. पण कुठल्याही जुन्या फौजी माणसाशी बोलायला बसा, तो या यादीतलं फारसं काही सांगत नाही. ‘माझी रेजिमेंट’ म्हणतो आणि तिथेच रमतो. लग्नाचं आमंत्रण तिला जातं, मृत्यूची बातमीही तिला जाते. जनरल झालेला माणूससुद्धा मेसमध्ये आपल्या जुन्या सीओसमोर, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर, नवख्या सबाल्टर्नसारखा अदबीनं उभा राहतो.

रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये साधारण पंचेचाळीस रणगाडे असतात. चौदा-चौदाच्या तीन स्क्वाड्रन, आणि तीन रणगाडे मुख्यालयाचे. स्क्वाड्रनमध्ये तीन-तीन रणगाड्यांचे ट्रूप. ट्रूप सांभाळायला नुकताच अकॅडमीतून आलेला अधिकारी, आणि त्याला सांभाळायला त्याच्या दुप्पट वयाचे दफेदार आणि रिसालदार. माणसं येत-जात राहतात, पण काही वस्तू मुक्कामाला असतात. पूना हॉर्सकडे एक चांदीचा हात आहे. ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणात खुशाबच्या लढाईत या रेजिमेंटच्या पूर्वजांनी इराणी पायदळाचा चौकोन घोड्यांवरून फोडला आणि त्यांचं निशाण हिसकावलं. त्या निशाणाच्या टोकावरचा हा हात. त्याच्यावर कुराणातलं वचन कोरलेलं आहे: ‘देवाचा हात त्यांच्या हातांवर आहे’. राजपूत-जाट सवारांच्या रेजिमेंटनं अल्लाचं नाव कोरलेला हा हात आजही मानानं जपलाय. तारापोरांच्या रणगाड्याचं नाव होतं खुशाब.

आता तारापोर. त्यांचा पूर्वज रतनजीबा शिवाजीमहाराजांच्या सैन्यात होता आणि पराक्रमाबद्दल त्याला जी गावं मिळाली त्यातल्या मुख्य गावावरून तारापोर हे आडनाव आलं, असं या घराण्यात सांगतात. स्वतः आर्देशिर, सगळ्यांचे ‘आदी’, १९२३ साली मुंबईत जन्मले आणि पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात वाढले. पुढे ते गेले निजामाच्या फौजेत. १९४२ मध्ये हैदराबादच्या पायदळात कमिशन मिळालं, पण त्यांचं मन रणगाड्यांत होतं. एकदा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू असताना एका रंगरुटाच्या हातून बॉम्ब भलतीकडे पडला. आदींनी झेप घेऊन तो उचलला आणि लांब भिरकावला. तो हवेतच फुटला आणि त्यांच्या छातीत कपच्या घुसल्या. हे पाहणारे होते खुद्द निजामाचे सेनापती एल एद्रूस. आदी बरे झाल्यावर एद्रूसनी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा आदींनी शाबासकीऐवजी बदली मागितली. हैदराबाद लान्सर्समध्ये, चिलखती दलात. ती मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धात ते पश्चिम आशियात जाऊन आले.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादकडे निघाल्या. मराठवाड्यातल्या घराघरांत त्या दिवसांच्या गोष्टी आहेत. एल एद्रूसनी ज्यांच्यापुढे शरणागती पत्करली ते मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी. निजामाची फौज मोडीत निघाली, तिच्यातले निवडक अधिकारी भारतीय सैन्यात घेतले गेले, आणि १९५१ मध्ये तारापोर पूना हॉर्समध्ये रुजू झाले. हरलेल्या फौजेतून आलेला हा माणूस. त्याला त्या जुन्या, मानी रेजिमेंटनं आपलं म्हटलं, सेंच्युरियन रणगाडे शिकायला इंग्लंडला पाठवलं आणि शेवटी आपली कमान दिली. एखाद्या संस्थेचा मोठेपणा मी अशा ठिकाणी मोजतो. १९६५ चं युद्ध पेटलं तेव्हा चौधुरी लष्करप्रमुख होते आणि तारापोर त्यांच्या चिलखती डिव्हिजनच्या बिनीला.

सियालकोट क्षेत्रात सप्टेंबरात उसाची शेतं माणसापेक्षा उंच वाढलेली असतात. रणगाड्याच्या आत बसून जाड काचेच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढ्यावर भागवायचं, किंवा वरचं झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभं राहायचं. बाहेर राहिलं तर खूप दिसतं, शत्रूलाही आपण खूप दिसतो. तारापोर बाहेर उभे राहून लढले. ११ सप्टेंबरला फिलोरा घेताना ते जखमी झाले आणि मागे जायला त्यांनी नकार दिला. १४ तारखेला त्याच जखमेनिशी वझीरवाली घेतलं. १६ ला जस्सोरन आणि बुटुर-डोगरांडी. त्यांच्या रणगाड्यावर अनेक मारे झाले. त्या सहा दिवसांत पूना हॉर्सनं शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि आपले नऊ गमावले, असं त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नोंदवलेलं आहे.

लढाईला तोंड लागण्यापूर्वी त्यांनी आपले दुय्यम अधिकारी मेजर चीमा यांना सांगून ठेवलं होतं. मी पडलो तर माझं दहन रणभूमीवरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, गळ्यातली साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, पेन मुलाला. एका पारशानं दहन मागावं, तेही रणांगणावर! १६ सप्टेंबरला ते पडले. जस्सोरनला त्यांचं दहन झालं तेव्हा धूर पाहून पाकिस्तानी तोफांनी त्या जागेवर मारा सुरू केला, तरी रेजिमेंटनं सीओसाहेबांचा शब्द मोडला नाही.

बुटुर-डोगरांडीत त्यांच्या रणगाड्यांसोबत पायदळ होतं आठवी गढवाल रायफल्स. तिचे सीओ लेफ्टनंट कर्नल झिराड तिथेच पडले. हे बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचं. त्यांच्यानंतर बटालियनची सूत्रं मेजर अब्दुल रफी खान यांनी हाती घेतली आणि तेही तिथेच मारले गेले. पाकिस्तानी पंजाबातल्या एका लहानशा गावाच्या शिवारात एक पारशी, एक ज्यू आणि एक मुसलमान, हिंदुस्थानच्या दोन पलटणींचे म्होरके, एक-दोन दिवसांच्या अंतरानं धारातीर्थी पडले. अलिबागला इतके लोक सुट्टीला जातात. झिराडच्या फाट्यावरून जाताना या कर्नलसाहेबांची आठवण काढावी, असं मला फार वाटतं.

आणि चाविंडा, सियालकोट क्षेत्रातलं ज्या गावासाठी हे सगळं चाललं होतं, ते पडलंच नाही. रणगाडे गावाच्या पाठीशी पोचले होते, पण वरच्या पातळीवर पायदळ आणि चिलखती दलाचा मेळ बसला नाही, आणि युद्धबंदी झाली. आपल्याकडे शौर्यगाथा सांगताना हा भाग गाळतात. मला ते पटत नाही. एक रेजिमेंट आपलं काम चोख करते आणि तरी लढाई अर्धवट राहते. याचं ओझं त्या रेजिमेंटमधले मेजर आणि कॅप्टन पुढची सहा वर्षं वाहतात. त्या सहा वर्षांतच १९७१ च्या यशाचं मूळ आहे.

त्या काळात पूना हॉर्सला घडवणारा माणूस म्हणजे हणुत सिंग. राजस्थानातल्या जसोलचे राठोड, १९५२ मध्ये याच रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालेले, आजन्म ब्रह्मचारी, पहाटेची ध्यानधारणा कधी न चुकवणारे. सैनिक त्यांना ‘गुरुदेव’ म्हणत. या साधुपुरुषाचा जीव अडकला होता तो तोफेच्या नेमात. सेंच्युरियनचा गोळा किती अंतरावर कसा पडतो, पहिलाच गोळा लागायला काय करावं लागतं, चार माणसांच्या हालचालींतला एकेक सेकंद कुठे वाचतो, याचा त्यांनी ध्यास घेतला होता.

अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात मी सेंच्युरियन जवळून पाहिलाय. मे महिना, दुपारची वेळ, पत्र्याला हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. पन्नास टनांचं धूड. पण माणसांना जागा किती? ड्रायव्हर पुढे खाली, एकटा. वर बुरुजात तोफेच्या एका बाजूला गनर, त्याच्या पाठीला गुडघे लागतील असा मागे वर कमांडर. तोफेच्या दुसऱ्या बाजूला लोडर, जो गोळेही भरतो आणि वायरलेसही सांभाळतो. कमांडरला लक्ष्य दिसतं, तो बुरूज वळवतो, गोळ्याचा प्रकार आणि अंतर ओरडतो. लोडर गोळा कोंबून ‘भरली’ म्हणून सांगतो. गनर जाळीच्या खुणेवर लक्ष्य आणतो आणि डागतो. तोफ दणक्यानं मागे येते, तिच्या वाटेत कोपर आलं तर कोपर गेलं. बारुदाचा धूर आत भरतो आणि तोवर पुढचा गोळा भरलेला असावा लागतो. समोरचा रणगाडाही हेच करत असतो. जो चार सेकंद आधी करेल तो वाचेल. हे चार सेकंद कुणा एकाच्या शौर्यातून येत नाहीत. वर्षानुवर्षं रोज घोटून घेतलेल्या कवायतीतून येतात, आणि ती घोटून घेणारा अधिकारी त्या क्षणी त्या रणगाड्यात नसतो.

१९७१ मध्ये हणुत सिंग सीओ होते. अरुण खेतरपाल त्यांच्याकडे आला तो १३ जून १९७१ ला कमिशन घेऊन. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील लष्कराच्या इंजिनिअर्स कोरमध्ये. तीन वर्षं खडकवासल्याला एनडीएमध्ये काढलेली. आज तिथल्या ज्या मैदानावर कॅडेट दीक्षान्त संचलन करतात त्याला खेतरपालचंच नाव आहे. युद्धाचे ढग जमले तेव्हा तो अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सवर होता. कोर्स अर्धवट सोडून सगळ्यांना युनिटकडे धाडलं गेलं. वाटेत घरी दिल्लीला थांबून त्यानं समारंभाचा गणवेश आणि गोल्फच्या काठ्या सोबत घेतल्या. लाहोरला गोल्फ खेळायचंय म्हणाला. हणुत सिंगांना अर्धवट शिकलेला पोर आघाडीवर न्यायचा नव्हता. त्यानं हट्ट धरला, परीक्षा दिली, आणि गेला.

१५ डिसेंबरच्या रात्री शकरगढ क्षेत्रात बसंतर नदीपलीकडे आपल्या पायदळानं पाय रोवले. पहाटेआधी तिथे रणगाडे पोचले नाहीत तर शत्रूचे रणगाडे त्या पायदळाला चिरडणार, हे उघड होतं. मधे सुरुंगांचा पट्टा, आणि सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, वाट मोकळी करायचं काम पूर्ण व्हायचं होतं. हणुत सिंगांनी वाट पाहिली नाही. पूना हॉर्सचे रणगाडे अर्ध्या साफ झालेल्या वाटेनं त्या पट्ट्यात शिरले आणि पार झाले. ज्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडखाली ही रेजिमेंट लढत होती तिचे कमांडर होते ब्रिगेडियर अरुणकुमार वैद्य, अलिबागचे. १९६५ मध्ये असल उत्तरला डेक्कन हॉर्सची कमान सांभाळून त्यांनी महावीरचक्र मिळवलं होतं. या लढाईत दुसऱ्यांदा मिळवलं.

१६ ला पाकिस्तानच्या चिलखती ब्रिगेडनं प्रतिहल्ला चढवला. जरपालपाशी बी स्क्वाड्रनवर ताण आला आणि तिच्या कमांडरनं वायरलेसवर मदत मागितली. खेतरपाल ए स्क्वाड्रनमधला. ते ऐकून तो आपला ट्रूप घेऊन स्वतःहून निघाला. वाटेतली शत्रूची ठाणी तुडवत पोचला. मग समोरासमोर रणगाडे. दहा रणगाडे तिथे उद्ध्वस्त झाले, त्यातले चार एकट्या त्याच्या ‘फामागुस्ता’ या रणगाड्यानं टिपले. फामागुस्ताला आग लागली. बाहेर पड, असा हुकूम आला. एकही रणगाडा मागे हटणार नाही, असं सीओंनी रेजिमेंटला बजावलेलं होतं. तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही, असं सांगून त्यानं वायरलेस बंद केला. शेवटचा रणगाडा त्यानं उडवला तो जेमतेम शंभर मीटरवर होता. त्यानंतर फामागुस्तावर आणखी एक मारा बसला.

त्या रणगाड्यात तो एकटा नव्हता, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय. ड्रायव्हर सवार प्रयाग सिंग, गनर सवार नथू सिंग, वायरलेसवर सवार नंद सिंग. नंद सिंगही त्या दिवशी गेले. प्रत्येक गोळा त्यांच्यापैकी कुणीतरी भरला होता, कुणीतरी नेम धरून डागला होता. तोफ चालतेय, हे वायरलेसवर सांगणारा एक असला तरी ती चालवणारे आणखी होते.

समोर लढत होती पाकिस्तानची रणगाडा रेजिमेंट, १३ लान्सर्स. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुणचे वडील, एक्याऐंशी वर्षांचे ब्रिगेडियर खेतरपाल, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी, आणि पोटच्या मुलानं करावी तशी सरबराई केली. निघण्याच्या आदल्या रात्री नासर यांनी सांगितलं की बसंतरच्या त्या दिवशी १३ लान्सर्सच्या स्क्वाड्रनचा कमांडर मी होतो, आणि तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. म्हातारे ब्रिगेडियर काय म्हणाले, याच्या वेगवेगळ्या कथा आहेत, मी त्यात पडत नाही. मला थक्क करतं ते एवढंच की नासर यांना हे लपवून ठेवणं सहज शक्य होतं. सैनिकानं सैनिकाच्या बापाला खरं सांगितलं.

पुढच्या कारकिर्दींबद्दल थोडक्यात. वैद्य १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला इथल्याच रस्त्यावर अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. हणुत सिंगांना बसंतरसाठी महावीरचक्र मिळालं, ते लेफ्टनंट जनरल झाले, ऑपरेशन ब्रासटॅक्स या १९८६-८७ च्या मोठ्या युद्धसरावाच्या वेळी हल्लेखोर कोअरची कमान त्यांच्याकडे होती. आर्मी कमांडरपद मात्र त्यांना मिळालं नाही. यादीत वर असलेली माणसं मागे राहतात आणि कारणं फाइलींत बंद होतात, हे फौजेतही होतं. त्यांची शेवटची नेमणूक अहमदनगरची, आर्मर्ड कोअर सेंटरचे प्रमुख म्हणून. म्हणजे रणगाड्यावरच्या पोरांना नेम धरायला शिकवणाऱ्या संस्थेत. पदांच्या उतरंडीवर बघितलं तर कुणी त्याला बाजूला सारणं म्हणेल. मला ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत योग्य जागा वाटते. १९९१ ला निवृत्त झाले, डेहराडूनला आश्रमात राहिले, २०१५ मध्ये गेले.

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली गेली. त्यात तारापोर आहेत, खेतरपालही आहे. चांगलं झालं. आपल्याकडेही चौकांना, रस्त्यांना, शाळांच्या सभागृहांना अशी नावं देतात, आणि पाटीवर नाव, हुद्दा आणि पदक एवढंच असतं. माझी पुणे महापालिकेकडे आणि जिथे जिथे अशा पाट्या लागतात तिथल्या सगळ्यांकडे मागणी आहे. नावाखाली युनिटचं नाव लिहा. रणगाड्यातला अधिकारी असेल तर त्याच्या बरोबरच्या तीन सवारांची नावं लिहा. सीओ असेल तर त्याच्यानंतर कमान कुणी घेतली ते लिहा. पाटी थोडी मोठी करावी लागेल, तेवढा पत्रा आपल्याकडे आहे.